बांधावरची भांडणं

गावाकडे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नसले की कारण विचारायची गरज नसते. एकाने बांध कोरलेला असतो. वकिलाची फी त्या वीतभर जमिनीच्या किमतीपुढे जाते, तारखांवर तारखा पडतात, पण माघार घेईल तो शेतकरी कसला!

म्हणूनच शाळेच्या पुस्तकातलं ‘प्राचीन संस्कृती नद्यांच्या काठी उदयाला आल्या’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. पाणी, सुपीक गाळ, सगळं मान्य. पण पाण्याबरोबर शेजारीही येतो, त्याचं काय?

नाईलचं त्या मानाने बरं होतं. तिचा पूर उन्हाळ्यात चढायचा आणि पेरणीच्या तोंडावर ओला गाळ मागे ठेवून ओसरायचा. युफ्रेटिस आणि टायग्रिस मात्र आडमुठ्या. तुर्कस्तानच्या डोंगरातला बर्फ वितळून त्यांना पूर येणार एप्रिल-मेच्या सुमारास, जव कापणीला आलेलं असताना. आणि पेरणीच्या दिवसांत पाणी नेमकं तळाला. दक्षिण इराकमध्ये पावसाच्या भरवशावर शेती होत नाही. मग कालवे खणा, बांध घाला, गाळाने भरलेले कालवे पुन्हा उपसा. हे काम एकट्यादुकट्याचं नव्हेच. शेजाऱ्याशी पटो न पटो, फावडं घेऊन त्याच्या शेजारी उभं राहणं आलंच.

आणि पटायचं नाहीच. लगश आणि उम्मा ही सुमेरमधली, म्हणजे याच दक्षिण इराकच्या प्राचीन मुलखातली, शेजारशेजारची नगरराज्यं. मधल्या सुपीक पट्ट्यावरून आणि हद्दीवरच्या कालव्याच्या पाण्यावरून त्यांचा वाद दीडेकशे वर्षं चालला. किश या तिसऱ्याच नगराच्या राजाने मध्यस्थी करून हद्दीचा दगड रोवला, तो उम्मावाल्यांनी उखडला. ठरलेलं जव द्यायचं बंद केलं, पाणी वळवलं. इ.स.पू. २५००च्या आसपास लगशच्या राजाने लढाई जिंकली आणि त्या विजयाचा शिलापट कोरून घेतला. त्यात गिधाडं शत्रूंची मुंडकी चोचीत धरून उडताहेत. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. बांधाचं भांडण इतक्या झोकात कोणी मिरवलेलं मी तरी पाहिलेलं नाही. अर्थात हकिगत सगळी लगशच्या बाजूची. उम्मावाल्यांना विचारलं असतं तर बांध आधी कोणी कोरला याची वेगळीच कथा ऐकायला मिळाली असती.

याच मुलखातल्या बाबिलोनचा पुढच्या काळातला राजा हम्मुराबी, त्याच्या कायद्यातला ‘डोळ्याला डोळा’ सगळ्यांना पाठ असतो. मला त्याच्या ५३ ते ५६ या कलमांचं जास्त कौतुक. आळशीपणाने बांध मजबूत ठेवला नाही, तो फुटला आणि इतरांची शेतं वाहून गेली, तर बुडालेलं धान्य भरून द्यायचं. तेवढी ऐपत नसेल तर? त्याला आणि त्याच्या चीजवस्तूला विकायचं आणि आलेली चांदी नुकसान झालेल्यांनी वाटून घ्यायची. आपल्याकडे असलं कलम असतं तर निम्मा तालुका विकला गेला असता.

या राजाची मातीच्या पाटीवर लिहिलेली पत्रंही सापडली आहेत. एका पत्रात तो अधिकाऱ्याला बजावतो की दामानुम कालव्याकाठी ज्यांच्या जमिनी आहेत त्यांना बोलावून घे आणि याच महिन्यात कालवा साफ करून घे. बाबिलोनचा सम्राट, आणि पत्र कशाबद्दल, तर गाळाबद्दल! ‘आधी वरच्या अंगाच्यांना बोलवा, गाळ त्यांच्याकडूनच येतो,’ असं कालव्याकाठच्या एखाद्याने त्या अधिकाऱ्याला ऐकवलं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.