एका बंदरात काय काय बघून होतं?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची क्रूझ करून आल्यापासून हा प्रश्न ठरलेला: ‘जहाज दिवसभर थांबतं, तर तेवढ्यात काय काय उरकता येईल?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एकच गोष्ट. बाकी पाय नेतील तिकडे.

वेळापत्रकातले ८ ते ५ हे तास जहाजाचे असतात. आपण उतरेपर्यंत नऊ वाजतात आणि सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी परत चढावं लागतं. सांता बार्बरा किंवा कॅटलिना बेटावरच्या अ‍ॅव्हलॉनला जहाज धक्क्याला लागतच नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून ने-आण होते. समुद्र खवळला की तो थांबाच रद्द.

मला ही अक्कल फजितीतून आली. सॅन फ्रान्सिस्कोत जहाज लागायचं त्याच सकाळची अल्काट्राझची, म्हणजे खाडीतल्या जुन्या तुरुंगाच्या बेटाची, तिकिटं मी काढून ठेवली होती. त्या दिवशी असं धुकं, की गोल्डन गेटखालून गेलो तरी पूल काही दिसला नाही. जहाज उशिरा लागलं, बोट गेली, पैसेही गेले. चुटपुट जास्त लागली ती अंतराची! जहाज पियर २७ ला लागतं, अल्काट्राझची बोट पियर ३३ वरून सुटते. चालत दहा मिनिटंसुद्धा नाहीत.

तेव्हापासून वेळेला बांधलेलं जे काही असेल ते क्रूझच्या आदल्या दिवशी. नाहीतरी आदल्या दिवशी पोचायचंच असतं. आपलं विमान रखडलं म्हणून जहाज थांबत नाही.

बंदराच्या दिवशी तास-दोन तास इकडचे तिकडे झाले तरी चालेल असंच काही निवडते. ओरेगॉन राज्यातल्या अ‍ॅस्टोरियाला टेकडीवर १९२६ साली बांधलेला मनोरा आहे. १६४ पायऱ्या चढून वर गेलं की कोलंबिया नदीचं रुंद पात्र थेट समुद्रापर्यंत दिसतं. त्या मुखाला ‘प्रशांत महासागराची स्मशानभूमी’ म्हणतात, इतकी जहाजं तिथे बुडाली आहेत. हवा फार बिघडली तर आपलंही आत शिरत नाही. म्हणून तिथलं आगाऊ काही भरू नका.

लांब जायचं असेल तरच जहाजाची सहल घ्या. त्यांची बस अडकली तर जहाज थांबतं, आपली टॅक्सी अडकली तर नाही.

आणि कॅनडातलं व्हिक्टोरिया. तिथे जहाज कधीकधी संध्याकाळी लागतं, त्यावर लोक कुरकुरतात. पण १८८६ च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं, तर वाटेत परक्या बंदराला शिवावं लागतं. हा थांबा त्या कायद्यासाठी, आपल्या फिरण्यासाठी नव्हे. मी शहराबाहेरच्या बुचार्ट गार्डन्स या बागेचा हट्ट सोडून शहराच्या मध्यातल्या इनर हार्बरपर्यंत चालत जाते, अर्ध्या तासाची वाट आहे. मात्र संध्याकाळच्या त्या काही तासांसाठीही भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो. सहलींचं नंतर बघा, आधी तो काढा.