महामुंबईच्या नकाशाची नोंद : दोन धारावी, चार टोपोशीट

महामुंबईतल्या जुन्या जागांच्या आपल्या नकाशावर या खेपेला उत्तन, नालासोपारा, अंबरनाथ आणि पनवेल पट्ट्यातल्या पिना पक्क्या झाल्या. उल्हासनगर अर्ध्यावर आहे, भिवंडीला अजून हात लागलेला नाही. नव्यानं आलेल्यांसाठी अट पुन्हा सांगतो: माहिती कितीही भारी असो, ती नेमकी कुठल्या जागेची हे ठरल्याशिवाय पिन टोचायची नाही. आपल्या महानगर प्रदेशात ९ महापालिका आहेत. त्यात स्टेशनचं नाव, पालिकेची हद्द, जिल्हा आणि पोलीस आयुक्तालय एकमेकांशी जुळतील तर शपथ. म्हणून तक्त्यात आता तीन रकाने सक्तीचे: आजची पालिका, तालुका-जिल्हा आणि जुनं गाव किंवा बेट.

सगळ्यात मोठा घोळ धारावीचा. एक धारावी सगळ्यांना ठाऊक आहे, मिठीकाठची. बेस्टच्या काळा किल्ला आगाराला ज्याच्यावरून नाव मिळालं, तो किल्ला तिथंच उभा आहे. मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकुमानं १७३७ साली बांधला, असं त्याच्या भिंतीतल्या इंग्रजी पाटीवर कोरलंय. त्याच वर्षी मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टीत पाय रोवला होता. मिठीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे साष्टी, हे डोक्यात ठेवलं की किल्ल्याची जागा लगेच उलगडते.

दुसरी धारावी भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तन-डोंगरी भागात. हे जुनं धारावी बेट. तारोडीच्या धारावी देवीमुळे नाव टिकलं, नाहीतर आज ते कुणाच्या तोंडी नाही. वसईच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी घेतलेली धारावी ती ही. उत्तनजवळच्या चौक गावात उभं राहून समोर पाहिलं की खाडीपलीकडे वसई. ही जागा हाती असेल त्याचा खाडीच्या तोंडावर वचक, एवढं सरळ गणित आहे. नुसतं 'धारावी किल्ला' लिहिलं की फोटो मिठीचा आणि लढाई उत्तनची अशी खिचडी होते, वर्षंही दोनच वर्षांच्या फरकाची असल्यामुळे कुणाला खटकत नाही. यापुढे 'धारावी-मिठी' आणि 'धारावी-उत्तन' असंच लिहायचं.

काळा किल्ल्यावरच्यासारख्या कोरीव पाट्यांचे फोटो भर दुपारी काढू नका. ऊन समोरून पडलं की उथळ अक्षरं सपाट दिसतात. संध्याकाळी टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून, १०-१५ अंशांच्या कोनात धरा. एक फोटो डावीकडच्या उजेडात, एक वरून येणाऱ्या उजेडात, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही रेघा उठतात. खडू, तेल, पाणी काहीही लावायचं नाही. तेल आणि खडूची भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते आणि पुढच्या माणसाला अक्षर आणखी धूसर मिळतं.

आता नकाशांकडे. जुन्या क्रमांकाच्या टोपोशीटवर (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवर) काम करणाऱ्यांना नवी मुंबई का छळते, याचं कारण साधं आहे. १९ अंश उत्तर आणि ७३ अंश पूर्व या रेषा सीवूड्सच्या दक्षिणेला, खाडीच्या कडेला छेदतात, आणि ४७ ए, बी, ई, एफ या चारही शीटचे कोपरे तिथंच भिडतात. ठाणे शहर आणि बरीचशी मुंबई ४७ ए/१६ वर, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ ४७ ई/४ वर, उरण ४७ बी/१३ वर, पनवेल ४७ एफ/१ वर. भिवंडी वर ई/३ मध्ये जाते. एकच शहर जोडायला चार कागद लागतात, त्यामुळे प्रत्येक शीट अक्षांश-रेखांशांवर वेगळं बसवा आणि मगच शिवा. आधी चित्रं चिकटवून मग बसवली तर सांध्यातली चूक सगळीकडे पसरते.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवताना किमान ६ ठळक बिंदू घ्या, चारही कोपऱ्यांत विखुरलेले. वसई किल्ल्याचे बुरूज, जुनी चर्च, तलावांचे दगडी कोपरे आणि रेल्वे पुलांचे खांब उत्तम. किनारा मात्र अजिबात नको. भराव पडलेत, मिठागरं गेलीत, खारफुटी सरकलीय, त्यामुळे जुनी किनाररेषा आजच्या किनाऱ्यावर ओढून बसवली की गावं खाडीत जातात. पहिल्यांदा साधं बहुपदी रूपांतर, पहिल्या घाताचं, लावून प्रत्येक बिंदूची चूक पाहा. एकाच बिंदूची चूक बाकीच्यांहून खूप मोठी असेल तर तो बिंदूच चुकीचा ओळखलाय. थिन प्लेट स्प्लाइन (चित्र हवं तसं ताणणारं रूपांतर) लावून ती झाकू नका. ती पद्धत प्रत्येक बिंदूतून ओढूनताणून जाते आणि चूक शून्य दाखवते. जुनी शीट एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मोजमापावर आहेत. ती थेट डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचं मोजमाप) समजून टाकली तर आपल्याकडे सगळं शंभरेक मीटर सरकतं. डेटमच्या (मोजणीच्या आधाराच्या) यादीत कल्याणपूर निवडा, आणि ते मध्य प्रदेशातलं, आपल्या कल्याणशी त्याचा संबंध नाही.

नालासोपाऱ्याला एका पिनेच्या आता चार पिना झाल्या आहेत. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सोपाऱ्यात मिळाला, नवव्याचा १९५६ साली भुईगावला, म्हणजे आणखी नैर्ऋत्येला समुद्राकडे. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्येच उकरलेला स्तूप ही तिसरी जागा, बुरुड राजाचा कोट. लेखाचे दगड आहेत मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. लोक स्तूपापाशी जाऊन 'लेख दिसला नाही' म्हणतात, तो तिथं कधी नव्हताच. सापडण्याची जागा 'स', सध्याची जागा 'आ' अशी खूण करा.

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या लेखात शके ९८२ आहे. ७८ मिळवले की १०६०. मात्र लेखात पौषाचा उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९ मिळवावे लागतात, कारण इसवी सन जानेवारीत बदलतो आणि शक चैत्रात. तक्त्यात शक मूळ आकड्यातच ठेवा, सन शेजारच्या रकान्यात. गाभारा मंडपापेक्षा बराच खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर शिखर नसल्यामुळे उजेड थेट पिंडीवर पडतो. म्हणूनच मंडपातल्या कोरीवकामासाठी लावलेलं एक्स्पोजर आत चालत नाही, दोन वेगळे घ्या. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते. फोन पिशवीवर टेकवून भागतं.

पनवेलचं थोडक्यात. नगरपालिका १८५२ ची, महापालिका २०१६ ची. खारघर, कामोठे, कळंबोली हे नोड सिडकोनं वसवले, पत्त्यात 'नवी मुंबई' येतं, पण पालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड. बेलापूरचा किल्ला मात्र नवी मुंबई पालिकेत, ठाणे जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय दोन्हीकडे नवी मुंबईचंच. उलट मिरा-भाईंदर आणि वसई-विरार यांचं आयुक्तालय एक, जिल्हे दोन: ठाणे आणि पालघर.

स्टेशनांवर विसंबू नका. वसई रोड स्टेशन जुन्या नवघर-माणिकपूर नगरपालिकेच्या हद्दीतलं, बदलापूरचं कुळगावातलं.

उल्हासनगरात अडलंय ते पत्त्यांवर. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते शहराचा पाया घातला गेला. पत्ते अजून बॅरेक आणि सेक्शनच्या नंबरानं चालतात, पण बॅरेकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्यात. नंबर दुकानांच्या पाट्यांवरून टिपा, एकाच नंबराच्या किमान दोन पाट्या जुळल्या तरच घ्या. शहराच्या मधून वाहते ती वालधुनी. तिला उल्हास समजून खूण करू नका.

रुळांजवळच्या जागांसाठी विजेच्या खांबाचा नंबर टिपा. ३४/५ म्हणजे त्या किलोमीटरमधला ५ नंबरचा खांब, मध्य रेल्वेवर मोजणी सीएसएमटीपासून, पश्चिम रेल्वेवर चर्चगेटपासून. नंबर फलाटावरून किंवा पुलावरून झूम करून घ्यायचा, रुळांत उतरून नाही.

भिवंडीला सुरुवात करणाऱ्यांनी पालिकेचं पूर्ण नाव, भिवंडी-निजामपूर, असंच भरावं. अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत पुरेत, त्यात एक-सव्वा मीटरपर्यंत नेमकेपणा येतो आणि फोनचा जीपीएस त्याहून बारीक पकडतच नाही. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर त्यातली जागेची माहिती वाटेतच पुसली जाते आणि पिन टाकता येत नाही.