अर्धं जाळं वाळूतच राहिलं

आज ओहोटी गाठून किनारा साफ करायला गेलो. तीसेक जण होतो. बाटल्या, पिशव्या, चपला तासाभरात उचलून झाल्या. ते सोपं असतं, फोटोही छान येतो.

मग वाळूतून डोकावणारं एक निळं टोक दिसलं. ओढलं तर हलेना. चौघांनी हातांनी उकरायला घेतलं, तर नायलॉनचं जुनं मासेमारीचं जाळं! ओली वाळू भरून असं जड झालेलं की हातभर मोकळं करावं तर पुढचं अजून खोल. मध्येच एक खेकडा अडकलेला, जिवंत. कात्रीने एकेक धागा कापून त्याला सोडवला, तर जाता जाता माझ्याच बोटाला चिमटा काढून गेला. (आभार मानले असावेत.) सुटून वाहत गेलेली अशी जाळी वर्षानुवर्षं मासे पकडत राहतात, कुणासाठीच नाही.

भरतीच्या रेषेत मसुराएवढे पांढरट गोळे सापडले. मला आधी माशांची अंडी वाटली. निघाला प्लास्टिकचा कच्चा माल, कारखान्यात वितळवण्याआधीचा. ओंजळभर वेचायला अर्धा तास गेला.

प्रत्येक वस्तू तक्त्यात लिहायची, याचा मला मनस्वी कंटाळा. पण १९८६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर स्वयंसेवकांनी हेच केलं होतं. नुसतं उचलून कचरा येतो कुठून ते कळत नाही. लिहिलं मग, कुरकुरत.

तेवढ्यात भरती आली. जाळ्याच्या टोकाशी काठी रोवून आलोय. काठी टिकली तर रविवारी फावडं घेऊन परत. कोण येतंय?