आजींचं आधारवरचं वय

मी आरोग्यमित्र. रुग्णालयाच्या दारातल्या टेबलावर बसून कोण कुठल्या योजनेत बसतं ते बघायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं आम्ही शिक्के मारतो. खरं तर निम्मा दिवस रेशनकार्डातली नावं शोधण्यात जातो.

बायकांच्या जनरल वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोघी. दोघींचा खुबा मोडलेला, दोघी घरातच घसरून पडलेल्या. काकी फौजेतल्या हवालदाराच्या विधवा, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड. तिथं तातडीच्या पेशंटला आधी भरती करायचं, मग कळवायचं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालंसुद्धा.

आजी पाटणच्या डोंगरातल्या. नवरा मुंबईत माथाडीत होता, तो वारला. आधारवर जन्म १ जानेवारी १९५७. जन्मतारीख माहीत नसली की १ जानेवारीच पडते. म्हणजे सत्तर पूर्ण नाहीत, आयुष्मान भारतचं ज्येष्ठांचं कार्ड निघत नाही.

"आजी, वय काय हो?"

"कोयनंचा भुकंप झाला तवा थोरला मांडीवर हुता बग."

भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. आधारच्या हिशेबानं आजी तेव्हा दहा वर्षांच्या! दुरुस्तीला कागद लागतो आणि आजींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही.

राहिली राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना. २०२४ पासून ती पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कागदावर कुणीच बाहेर नाही. रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर टाकला, तर आजींचं नावच नाही. थोरल्यानं कार्ड वेगळं करताना कमी केलेलं, धाकट्यानं चढवलेलंच नाही. दोघे एकमेकांकडे बोट दाखवत उभे. पुरवठा शाखेत सर्व्हर डाऊन, तो कायमचाच.

खुब्याचं ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं लागतं. हे हाडांच्या डॉक्टरांनी मला ओरडून सांगितलं, जसं काही पोर्टल माझ्या बापाचं आहे. शेवटी धाकट्याच्या कार्डावर नाव चढलं, प्रीऑथ, म्हणजे ऑपरेशनच्या आगाऊ मंजुरीची मागणी टाकली, तर क्वेरी आली: एक्स-रेवर पेशंटचं नाव दिसत नाही. पुन्हा फोटो काढून चढवला. ऑपरेशन होईतो आजींच्या माकडहाडावर पडून पडून जखम झाली होती. काकी तोवर वॉकर धरून संडासापर्यंत जात होत्या.

घरी गेल्यावर काकींना बीपीच्या, कॅल्शियमच्या गोळ्या ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकातून मिळणार. आजींच्या पॅकेजात सुट्टीनंतरची थोड्या दिवसांची औषधं, पुढचं पदरचं. ड्रेसिंग कोण करणार यावरून भाऊ माझ्या टेबलापाशीच भांडले. थोरला म्हणाला, नाव धाकट्याच्या कार्डावर आहे, तर ड्रेसिंगपण त्यानंच करावं.