प्रोपेलर अडला तर जोर लावू नका

हिवाळाभर उभं असलेलं ड्रॅगन रॅपीड इंग्लंडमधल्या आमच्या हँगरबाहेर काढलं, त्या सकाळी उजव्या इंजिनाचा प्रोपेलर हाताने फिरवताना तिसरं पातं पुढे येताना गच्च अडला. डी हॅविलंडचं हे दुपंखी विमान 1934 सालचं. लाकडी सांगाड्यावर कापड, नाकात एकटा वैमानिक, मागे सहा ते आठ प्रवासी आणि खालच्या पंखांवर दोन जिप्सी सिक्स इंजिनं, प्रत्येकी 200 अश्वशक्तीची.

या इंजिनाचे सहाही सिलिंडर उलटे असतात, क्रँकशाफ्ट वर आणि हेड खाली. त्यामुळे प्रोपेलर जमिनीपासून उंच राहतो, पण इंजिन उभं राहिलं की क्रँककेसमधलं तेल पिस्टन रिंगांमधून झिरपत खाली ज्वलनकक्षात साचतं. एका सिलिंडरचं आकारमान साधारण दीड लिटर आणि संपीडन 5.25 पट धरलं, तर पिस्टन टोकाला असताना उरणारी जागा जेमतेम 360 मिली. तेल त्याहून जास्त झालं की पिस्टनला जागाच नाही, कारण तेल दाबलं जात नाही. अशा वेळी स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड त्या दिवशी चालतोही, आणि पुढे कधीतरी हवेत तुटतो. ही खरी भीती.

म्हणून आधी हात, मग स्टार्टर. चाकांना अडण्या, मॅग्नेटोचे, म्हणजे प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रांचे, स्विच बंद, थ्रॉटल बंद. तरीही प्रोपेलर जिवंतच समजायचा; स्विच बंद केल्यावर मॅग्नेटोला निष्क्रिय करणारी अर्थिंगची एक तार तुटलेली असली तरी ठिणगी पडते. मॅग्नेटोच्या इम्पल्स कपलिंगचा (सुरू करताना मॅग्नेटोला झटका देणाऱ्या स्प्रिंगच्या जोडणीचा) 'खट्' आवाज वेगळा, संपीडनाचा मऊ विरोध वेगळा आणि तेलाचा दगडासारखा अडथळा वेगळा. सरावलेल्या हाताला फरक लगेच कळतो.

अडला की उलटा फिरवायचा मोह होतो. तो आवरायलाच हवा! उलट फिरवलं तर तेल इनलेट व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा-इंधन आत आणणाऱ्या नळीत, जातं आणि सुरू करताना परत आत ओढलं जातं. आम्ही सगळ्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढले, खाली ट्रे ठेवला. एकाच सिलिंडरमधून काळं तेल धारेने आलं. ते निथळल्यावर सुलट्या दिशेने सावकाश फेरे दिले, प्लग साफ करून नव्या तांब्याच्या वॉशरांसह बसवले आणि पुन्हा हाताने फिरवून बघितलं.

सुरू झाल्यावर निळा धूर भरपूर येतो, तो थोड्या वेळात कमी होतो. तेलाचा दाब मात्र अर्ध्या मिनिटात चढला नाही तर इंजिन तत्काळ बंद करावं.