विहीर, टीसीएल आणि दहा सेकंद

आज कृष्णाकाठच्या एका विहिरीवर पब्लिक हेल्थच्या मुलांचं पाणी निर्जंतुक करण्याचं प्रात्यक्षिक झालं. व्यास 4 मीटर, पाणी 3 मीटर खोल. 3.14 × 4 × 4 × 3 भागिले 4, म्हणजे 37.68 घनमीटर, साधारण 37,700 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून 94 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. चारने भागायचं राहिलं की डोस चौपट होतो, आणि हे हमखास राहतं!

पावडर बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग पाऊण बादली पाणी घालून दहा मिनिटं निवळू द्यायची. वरची निवळीच विहिरीत सोडायची. खालचा चुना ओतला तर पाणी जड होतं. पोहरा खालीवर हलवून पाणी ढवळायचं आणि तासभर उपसा बंद. पुराच्या गढूळ पाण्यात मात्र हा हिशेब पुरत नाही, गाळच क्लोरीन खातो. तिथे आधी हॉरॉक्स चाचणी, म्हणजे त्या पाण्याला नेमकी किती पावडर लागेल ते कळतं.

शेवटी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात किती क्लोरीन उरलं ते ऑर्थोटोलिडिनने बघायचं. पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत बघायचा. उशीर झाला की संयुक्त (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडलेलं) क्लोरीनही रंग देतं आणि आकडा फुगतो. लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन हवं. रंगच आला नाही तर आधी टीसीएलचं पोतं बघा. तोंड उघडं राहिलं, ओल लागली, की जोर गेलाच.