आतल्या बाजूचा ब्रेक पॅड

चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्चचा उजेड टाकून बाहेरचा ब्रेक पॅड पाहायचा आणि तो जाड दिसला की निर्धास्त व्हायचे, अशी तपासणी पुष्कळ जण करतात. ती अपुरी आहे, असे माझे ठाम मत आहे. कारण चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कच्या पलीकडच्या अंगाला दुसरा पॅड असतो आणि अनेकदा तोच आधी झिजतो. बहुतेक गाड्यांच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर आवळणाऱ्या चिमट्यासारख्या भागात, पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवरून सरकत बाहेरचा पॅड ओढून घेतो. या पिनांवरचे ग्रीस सुकले किंवा रबरी टोपण फाटून आत पाणी शिरले, की कॅलिपर अडकतो आणि आतला पॅड भराभर झिजू लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र सारे ठीक दिसते.

म्हणून पुढचे चाक काढावेच. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत आणि गाडी उचलल्यावर ती जॅक स्टँडवर, म्हणजे वजन पेलणाऱ्या पक्क्या टेकूवर, टेकवावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. जॅक सटकायला क्षणही लागत नाही.

आता स्टिअरिंग वळवले की कॅलिपरची मागची बाजू समोर येते. कॅलिपरच्या खिडकीतून पाहिल्यास प्रत्येक पॅडचे दोन थर दिसतात: पोलादी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला घर्षणाचा मसाला. मोजायचा तो फक्त मसाला. घाईत पट्टीही त्यात धरली, तर संपत आलेला पॅड धडधाकट वाटतो. नव्या पॅडवर हा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की मी पॅड बदलण्याच्या बाजूचा आहे, कारण उरलेला थर किती दिवस पुरेल, याचा भरवसा देता येत नाही. थर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल, किंवा आतल्या-बाहेरच्या पॅडमध्ये ठळक फरक असेल, तर केवळ नवे पॅड घालून भागत नाही. पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे लागते.

पॅड झिजल्यावर करकर आवाज करणारी धातूची पट्टी असते हे खरे, पण ती प्रत्येक पॅडला असतेच असे नाही. शांततेला सुस्थितीचा पुरावा मानू नये.

डिस्कच्या कडेला बहुधा एक उंचवटा तयार झालेला असतो. व्हर्नियरचे जबडे त्यावर टेकले तर जाडी खोटी, जास्त दिसते. म्हणून मायक्रोमीटर वापरून आतल्या, झिजलेल्या पट्ट्यावर अनेक ठिकाणी मोजावे आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहावे. पावसानंतरचा तांबूस गंज चिंतेचा नसतो, तो पहिल्या काही ब्रेकांत निघून जातो. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील, तर ड्रम काढल्याशिवाय आतल्या लायनरची, म्हणजे घर्षणाच्या थराची, खरी अवस्था सहसा कळत नाही. साचलेली काळी धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ती फुप्फुसांत जाते. ओल्या फडक्याने पुसावी.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळीही पाहावी. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि पातळी हळूहळू उतरते. पॅड न पाहताच वरून ऑइल भरले, तर ही सूचना पुसली जाते; शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ते ऑइल बाहेर सांडते आणि रंग खराब करते. पातळी एकाएकी उतरली असेल, तर मात्र गळती शोधल्याशिवाय गाडी हलवू नये.

चाक परत बसवताना नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळावेत आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत न्यावेत. पिस्टनला हात लावला असेल, तर निघण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून घ्यावे.